एक दात मागे: १९९८ च्या सिव्हिकचा टायमिंग बेल्ट (प्रकल्प नोंदी)

गाडी होंडा सिव्हिक, १९९८. इंजिन डी१६ वाय७: १५९० सीसी, एकच कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट), १६ व्हॉल्व्ह, मॅन्युअल गिअर. मीटरवर १,८७,४०० किमी. आधीचा टायमिंग बेल्ट (क्रँक, म्हणजे पिस्टनने फिरणारा मुख्य शाफ्ट, आणि कॅम यांना जोडणारा दातेरी पट्टा) कधी आणि किती किलोमीटरला बसवला याची नोंद मिळत नाही. तक्रार अशी की चढावर ओढ नाही, थंड इंजिन सुरू व्हायला वेळ घेतं आणि पेट्रोल पूर्वीपेक्षा जास्त लागतं. चेक इंजिनचा दिवा लागलेला नाही.

हे इंटरफेरन्स इंजिन आहे. बेल्ट तुटला की कॅम जागच्या जागी थांबतो, क्रँक मात्र वेगात फिरत राहतो, आणि जे व्हॉल्व्ह त्या क्षणी उघडे असतील त्यांच्यावर पिस्टन आदळतो. त्यामुळे नोंद नसलेला बेल्ट हा संपलेला बेल्ट, असंच धरून चालायचं.

१ मार्च २०२५: न उघडता तपासणी

बोनेटखालून येणारी चीं-चीं टायमिंग बेल्टची नाही. अल्टरनेटर बेल्टच्या रेषांवर थोडं पाणी शिंपडताच आवाज क्षणभर बंद झाला, म्हणजे तो बाहेरचा बेल्ट. टायमिंग बेल्ट झिजताना बहुधा गप्पच असतो. कव्हरच्या आतून घरघर आली तर ती टेन्शनरच्या (बेल्ट ताणून धरणारी पुली) किंवा वॉटर पंपाच्या बेअरिंगची असते. 'आवाज नाही म्हणजे बेल्ट ठीक' या समजुतीने बरीच इंजिनं गेली आहेत.

टायमिंग लाइट (स्पार्क कधी पडतो ते पुलीच्या खुणेवर दाखवणारा दिवा) लावला. त्याआधी डॅशखालच्या दोन पिनांच्या सर्व्हिस चेक कनेक्टरला जंपर (दोन्ही पिना जोडणारी तार) घातला. तो न घालता घेतलेलं रीडिंग निरर्थक, कारण ईसीयू (इंजिनचा संगणक) स्पार्क सतत पुढे-मागे करत असतो. या इंजिनला आयडलवर १२ अंश, अधिक-उणे २, टीडीसीच्या (पिस्टन सर्वांत वर असतो तो बिंदू) आधी हवं. मिळालं ५ अंशांच्या आसपास, आणि खूण एका जागी न राहता थरथरत होती.

मग डिस्ट्रिब्यूटर (प्लगांना पाळीपाळीने स्पार्क वाटणारा भाग) पाहिला. तो कॅमच्या दुसऱ्या टोकाला बसतो आणि कॅमवरूनच फिरतो. त्याचे बोल्ट खाचेच्या अगदी टोकाला सरकवलेले होते. स्पार्क पुढे आणायला आता जागाच उरलेली नाही. कुणीतरी आधीच तो पूर्ण आगाऊ करून ठेवला होता आणि तरीही ५ अंशच मिळत होते. डिस्ट्रिब्यूटर कॅमवर असल्याने कॅम मागे पडला की स्पार्कही मागे पडतो. नुसता डिस्ट्रिब्यूटर फिरवून टायमिंग 'बसवलं' तर स्पार्क सुधारतो, व्हॉल्व्ह उशिरा उघडायचे ते उघडतच राहतात. ओढ न येण्याचं कारण तिथे सापडतं.

कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते) घेतलं. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, इंधन आणि इग्निशन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा. १ ते ४ सिलिंडर: ९.९, १०.१, ९.८, १०.० किलो प्रति चौरस सेंटिमीटर. किमान मर्यादा ९.५ आणि सिलिंडरांमधला फरक जास्तीत जास्त २ चालतो. म्हणजे कागदावर इंजिन पास. पण चारही आकडे एकाच पातळीवर आणि चारही मर्यादेला टेकलेले. रिंगा झिजल्या असत्या किंवा व्हॉल्व्ह जळला असता तर बहुधा एखादा सिलिंडर वेगळा पडला असता. सगळे सारखेच खाली असले की पहिला संशय कॅम टायमिंगवर घ्यावा. इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो आणि आत घेतलेली थोडी हवा पिस्टन वर येताना परत बाहेर ढकलली जाते.

२ मार्च: वरचं कव्हर आणि खुणा

व्हॉल्व्ह कव्हर आणि टायमिंगचं वरचं कव्हर काढलं. दोन्हीला १० मिमी पाना पुरतो.

खुणा पाहण्याआधी क्रँक पुलीची खूण खरी आहे का ते तपासलं. ही पुली म्हणजे डॅम्परही (थरथर शोषणारा भाग) आहे: आतला भाग आणि बाहेरचं कडं यांच्यामध्ये रबराचा थर असतो. जुन्या रबरावर बाहेरचं कडं सरकलं की त्याच्यावरची पांढरी खूण खोटी पडते, आणि त्या खुणेवर विसंबून बसवलेला बेल्टही चुकीचा बसतो. पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकातून लाकडी काठी सोडली (धातूची सळई नको, पिस्टनच्या डोक्यावर ओरखडे येतात). टीडीसीला पिस्टन काही अंश जवळपास थांबल्यासारखा असतो, म्हणून वरचा बिंदू थेट शोधत बसायचं नाही. काठी ठरावीक उंचीला चढते तिथे पुलीवर एक रेघ, उतरताना त्याच उंचीला दुसरी. दोन्हींचा मध्य म्हणजे टीडीसी. तो पांढऱ्या खुणेवरच आला, म्हणजे पुली शाबूत.

फिरवण्याची दिशा: या इंजिनचा क्रँक पुलीकडून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतो. बहुतेक इंजिनं सुलट फिरतात, त्यामुळे सवयीचा हात इथे हमखास चुकीकडे जातो. हाताने फिरवतानाही उलटच फिरवायचं. सुलट फिरवलं तर सगळा ढिलेपणा नको त्या बाजूला येतो आणि झिजलेला बेल्ट दात सोडू शकतो.

पांढरी खूण टीडीसी दाखवणाऱ्या काट्यावर आणली. कॅम पुलीवरची 'यूपी' ही अक्षरं वर आली, पण बाजूच्या दोन रेघा हेडच्या (इंजिनचा वरचा भाग) पृष्ठभागाशी जुळेनात. पुलीकडून पाहताना डावी रेघ हेडच्या वर, उजवी खाली, दोन्हीकडे बरोबर एका दाताएवढं अंतर. कॅम उलट दिशेने फिरतो, म्हणजे डावी रेघ वर राहिली याचा अर्थ कॅम एक दात मागे आहे. कॅमवरचा एक दात क्रँकच्या हिशेबात पंधरा-वीस अंशांच्या घरात जातो. दिसायला फार नाही, चालायला खूप.

नुसत्या ताणाने बेल्ट एवढा लांबत नाही. आतले दोर काचतंतूंचे असतात, ते जवळपास ताणतच नाहीत. उरतात दोन शक्यता: बेल्टने दात सोडला, किंवा तो बसवतानाच एक दात चुकला. दात सोडला असता तर दातांवर ओरबाडल्याच्या खुणा दिसल्या असत्या आणि डिस्ट्रिब्यूटर मधोमध असता. इथे डिस्ट्रिब्यूटर टोकाला सरकवलेला आहे, म्हणजे चुकीच्या कॅमवर नंतर कुणीतरी स्पार्क जुळवला. दोष जुना, बसवतानाचा.

बेल्टची अवस्था: दातांच्या मुळाशी आडव्या बारीक भेगा, दातांवरचं कापड चमकून गुळगुळीत झालेलं, एका कडेला दोर सुटायला लागलेले. पाठीवर अंगठा फिरवला तर ऑइल हाताला लागतं. भेगा पाहायच्या तर बेल्ट कॅम पुलीवर जिथे वाकतो तिथे पाहायच्या, सरळ भागात त्या मिटून जातात.

ऑइल कुठून? सगळं ब्रेक क्लीनरने धुतलं (बेल्ट जाणारच होता, नव्या बेल्टवर हे द्रावण उडू द्यायचं नाही). इंजिन चालवलं आणि विजेरीने पाहिलं. कॅम पुलीच्या मागून एक ओली रेघ उतरते आहे, म्हणजे कॅमचं ऑइल सील. खाली क्रँकच्या सीलभोवतीही ओलसर कडं.

सील बदलण्याआधी पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून हलवला. खुळखुळला नाही, जाम. क्रँककेसमधली हवा बाहेर पडायला वाट नसली की दाब वाढतो आणि ऑइल सर्वांत कमकुवत सीलमधून बाहेर येतं. असा व्हॉल्व्ह तसाच ठेवून नवी सीलं ठोकली तर तीही काही महिन्यांत ओली होतात.

८ मार्च: सामान

टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि त्याची स्प्रिंग, वॉटर पंप त्याच्या रबरी सीलसह, कॅम सील, क्रँकचं पुढचं सील, व्हॉल्व्ह कव्हरची गॅस्केट आणि प्लगच्या नळ्यांची चार सीलं, पीसीव्ही व्हॉल्व्ह, बाहेरचे सगळे बेल्ट, थर्मोस्टॅट, कूलंट.

वॉटर पंप अजून गळत नव्हता. तरी बदलायचाच, कारण तो याच बेल्टवर फिरतो. त्याचं बेअरिंग धरलं तर नवा बेल्टही जातो, आणि नंतर पंप एकटा बदलायचा म्हटलं तरी हेच सगळं पुन्हा उघडावं लागतं.

नवा बेल्ट जुन्याशेजारी ठेवून दात मोजले, रुंदी आणि दाताचा आकार ताडून पाहिला. डी मालिकेतल्या वेगवेगळ्या इंजिनांचे बेल्ट दिसायला सारखे असतात, दातांची संख्या सारखी असेलच असं नाही. खोक्यावरच्या नावावर जाऊ नये.

बेल्ट घडी घालून ठेवायचा नाही, आतली बाजू बाहेर उलटायची नाही, करकचून वळवायचा नाही. तसं केलं तर काचतंतू आत तुटतात, बाहेरून काही दिसत नाही, आणि बेल्ट अर्ध्या वाटेत तुटतो.

९ मार्च: उघडणं

बॅटरीची ऋण तार काढली. डावं पुढचं चाक काढलं, गाडी स्टँडवर, चाकाच्या आतलं प्लास्टिकचं आवरण खाली. कूलंट मोजमापाच्या भांड्यात काढलं: किती निघालं हे माहीत असलं की भरताना हवा अडकली का ते लगेच कळतं. बाहेरचे बेल्ट सैल करून काढले.

इंजिनखाली जॅक, जॅक आणि ऑइल पॅन यांच्यामध्ये जाड लाकडी फळी. फळीशिवाय पॅन चेपतो, आणि चेपलेला पॅन आतल्या ऑइलच्या गाळणीला टेकतो. डाव्या बाजूचं माउंट (इंजिनला तोलून धरणारा आधार) काढलं.

मग क्रँक पुलीचा बोल्ट. या कामातला सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. डोकं १७ मिमी, आटे नेहमीचेच, म्हणजे उलट फिरवला की सुटतो. इतर गाड्यांवर काही जण पाना अडकवून स्टार्टरचा झटका देतात. इथे ते करायचं नाही. क्रँक उलट फिरतो, त्यामुळे अडवून धरलेला बोल्ट झटक्याने सुटण्याऐवजी आणखी आवळतो. योग्य रीत अशी: पुलीत आत ५० मिमीचा षट्कोन आहे, त्यात बसणारं होल्डर घालायचं आणि त्याचा दांडा चेसिसला किंवा जमिनीला टेकवायचा. सहा कोनांचा इम्पॅक्ट सॉकेट, लांब एक्स्टेन्शन, आणि एक्स्टेन्शनच्या बाहेरच्या टोकाखाली दुसरा स्टँड. तो आधार नसेल तर जोर लावताना सॉकेट तिरका होतो, बोल्टचं डोकं गोल होतं आणि साधं काम अवघड होऊन बसतं. ब्रेकर बारवर जाड पाइप चढवून संथ, वाढता जोर दिला. सुटताना कडाड असा आवाज झाला. तो बोल्ट तुटल्याचा वाटतो, पण डोक्याखालची पकड सुटण्याचा असतो.

पुलीची किल्ली (पुलीला शाफ्टवर सरकू न देणारा धातूचा तुकडा) आणि खाच तपासल्या. कडा धारदार, फट नाही. खाच घासलेली असती तर बोल्ट कधीतरी सैल फिरला आहे असं समजायचं.

ऑइल डिपस्टिकची नळी वाटेत येते, ती काढून खालचं कव्हर काढलं. पुली गेली की पांढरी खूणही गेली, आता संदर्भ क्रँकच्या दातेरी चाकावरची खूण आणि ऑइल पंपावरचा बाण यांचा. टेन्शनरचा १४ मिमी बोल्ट अर्धा फेरा सैल केला, टेन्शनर ढकलून पुन्हा आवळला, बेल्ट उतरवला. कॅम आणि क्रँक दोघांनाही या क्षणापासून एकमेकांशिवाय फिरवायचं नाही.

अपवाद एकच आणि तो मुद्दाम: कॅम एक दात पुढे आणून रेघा हेडशी जुळवल्या. पहिला पिस्टन टीडीसीला असताना एवढी हालचाल सुरक्षित असते, मात्र हाताला अडथळा लागला तर तिथेच थांबायचं.

१५ मार्च: सीलं, पंप, बेल्ट

कॅम पुली काढताना ती पुलीतल्या भोकांत दांडा घालून धरली. जुनं सील उपटताना पेचकस शाफ्टला लागू द्यायचा नाही. शाफ्टवर सील जिथे घासतं तिथे एक ओरखडा पडला तरी नवं सील त्याच दिवशी गळतं. सीलच्या ओठाला ऑइल, बाहेरच्या कडेला काही नाही, सपाट नळीने चहूबाजूंनी सारखं आत. कॅम पुलीचा बोल्ट ३७ न्यूटन-मीटर.

वॉटर पंप: बसण्याची जागा प्लास्टिकच्या खरवडणीने साफ केली, कारण अॅल्युमिनियमवर लोखंडी पातं चालवलं की खड्डे पडतात. रबरी सील खाचेत, सीलंट नाही. बोल्ट १२ न्यूटन-मीटर. हे आकडे लहान वाटतात म्हणून अंदाजाने आवळले जातात, आणि ब्लॉकमधले आटे निघून येतात. जुना पंप हातात फिरवला तर अक्ष किंचित हलत होता. अजून गळत नव्हता एवढंच.

नवा टेन्शनर बसवला, स्प्रिंग लावली, मागे ढकलून बोल्ट तात्पुरता आवळला. खुणा पुन्हा पाहिल्या: क्रँकची खूण बाणावर, कॅमच्या रेघा हेडवर.

बेल्ट चढवण्याचा क्रम: क्रँक, टेन्शनर, वॉटर पंप, कॅम. प्रत्येक टप्प्यावर बेल्ट ओढून घट्ट ठेवायचा. मागचा एक दात बहुधा याच ठिकाणी चुकला असावा: बेल्टची ताणाची बाजू जरा सैल राहिली, खुणा त्या क्षणी जुळलेल्या दिसल्या, आणि इंजिन फिरताच क्रँकने तो ढिलेपणा ओढून घेतल्यावर कॅम मागे पडला. म्हणून बेल्ट चढल्या चढल्या दिसणाऱ्या खुणांना काहीच किंमत द्यायची नाही.

टेन्शनर सोडून पुन्हा आवळला. पुली तात्पुरती बसवून क्रँक पाच-सहा फेरे उलट दिशेने फिरवला, म्हणजे बेल्ट सगळ्या दातांत नीट बसतो. पुन्हा टीडीसी. टेन्शनरचा बोल्ट अर्धा फेरा सैल. आता क्रँक उलट दिशेने एवढाच फिरवायचा की कॅम पुली तीन दात सरकेल, आणि त्याच स्थितीत टेन्शनरचा बोल्ट ४४ न्यूटन-मीटरला आवळायचा. तीन दातांमागचं कारण असं की क्रँक ओढतो ती बाजू ताठ होते, सगळा ढिलेपणा टेन्शनरच्या बाजूला गोळा होतो आणि स्प्रिंग तो नेमका तिथे खाते. टीडीसीलाच आवळलं तर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमला ढकलत असतात, ताण फसवा मिळतो. स्प्रिंगला हाताने 'मदत' करून बेल्ट जास्त घट्ट करणं तर सरळ नुकसानीचं. बेल्ट गुणगुणतो आणि पंपाचं बेअरिंग लवकर जातं.

दोन फेरे फिरवून खुणा तपासल्या. क्रँक बाणावर, कॅमच्या दोन्ही रेघा हेडशी समतल. आणखी दोन फेरे, तेच.

१६ मार्च: बंद करणं आणि सुरू करणं

कव्हर उघडंच होतं म्हणून टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा हात यांच्यातली फट जुळवणं) केलं. इंजिन पूर्ण थंड. इनटेक ०.१८ ते ०.२२ मिमी, एक्झॉस्ट ०.२३ ते ०.२७ मिमी. पहिला सिलिंडर टीडीसीला, मग क्रँक अर्धा फेरा उलट आणि तिसरा, मग चौथा, मग दुसरा: फायरिंगच्याच क्रमाने. चौथ्याचे दोन्ही एक्झॉस्ट घट्ट होते. घट्ट एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आवाज करत नाही, जळतो. टकटक करणारा सैल टॅपेट त्यापेक्षा परवडला.

खालचं कव्हर, पुढे गाईड प्लेट (बेल्टला बाजूला सरकू न देणारी चकती) विसरली नाही ना ते पाहून पुली. क्रँक बोल्टच्या आट्यांना ऑइलचा हात, वॉशरला टेकणारी बाजू कोरडी, १८१ न्यूटन-मीटर. इम्पॅक्ट गनने आवळायचा नाही, होल्डर आणि टॉर्क रेंच. माउंट, नळी, बाहेरचे बेल्ट, नवा पीसीव्ही.

इंजिन सुरू करण्याआधी डिस्ट्रिब्यूटर टोकावरून काढून खाचेच्या मध्यावर आणला. हे राहून गेलं तर दुरुस्त झालेला कॅम आणि जुना आगाऊ डिस्ट्रिब्यूटर मिळून स्पार्क वीसच्या पुढे जातो, आणि पहिल्याच चढावर इंजिन नॉक करतं (आतून ठोकल्यासारखा आवाज येतो).

कूलंट भरलं, रेडिएटरची टोपी उघडी, हीटर पूर्ण गरमवर, पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत आयडल. पातळी खाली गेली तेवढं पुन्हा भरलं. काढलं होतं त्याहून थोडं कमीच मावलं, तो फरक पुढे कूलंटच्या टाकीतून भरून निघाला.

जंपर घालून टायमिंग लाइट: १२ अंशांवर आणलं, बोल्ट आवळले. खूण आता थरथरत नाही.

६ एप्रिल: पुन्हा तपासणी

मीटरवर १,८८,१०० किमी. कॉम्प्रेशन, त्याच पद्धतीने: १२.२, १२.४, १२.१, १२.३. रिंगा, पिस्टन, हेड यांपैकी कशालाही हात लावलेला नव्हता.

वरचं कव्हर उघडून पाहिलं. बेल्ट कोरडा, पुलीच्या मधोमध चालतो, कडेला घासल्याची भुकटी नाही. सीलं कोरडी. पंपाच्या गळतीच्या भोकाजवळ डाग नाही. अल्टरनेटर बेल्ट थोडा सैल पडला होता, तो ताणला. टायमिंगच्या टेन्शनरच्या बोल्टला हात लावला नाही, बेल्ट नवा असताना त्याला उगाच छेडण्यात फायदा नाही.

वरच्या कव्हरच्या आतल्या बाजूला न पुसणाऱ्या पेनाने १५ मार्च २०२५ आणि १,८७,४०० लिहिलं. उत्पादकाच्या वेळापत्रकात या इंजिनाला १,६८,००० किमी किंवा ७ वर्षं, जे आधी येईल ते. तापमान सतत ४३ अंशांवर किंवा उणे २९ च्या खाली राहत असेल तर सुमारे ९६,००० किमी. कमी चालणाऱ्या गाडीत वर्षांचा आकडाच आधी येतो, रबर उभ्या गाडीतही कडक होतं. मध्ये कॅम सील ओलं दिसलं तर वेळापत्रक बाजूला ठेवून बेल्ट पाहायचा.